पिवळा काढून टाकताना

आमच्या भागात निळं म्हणून काही नाही. माती काळी, कापूस पांढरा, ऊस हिरवा, तोही तोडणीपर्यंतच. बाकी सगळं पिवळं. ऊन पिवळं, धूळ पिवळी, मंडपाचं कापड पिवळं, लग्नातले दिवे पिवळे. आणि तेलगावातल्या माझ्या स्टुडिओची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला फोटो मात्र निळाच पाहिजे. "जरा गार करा," म्हणतात. एप्रिलच्या उन्हात, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात उभा राहून घामानं निथळणारा नवरदेव मला सांगतो, की फोटो काश्मीरसारखा दिसला पाहिजे. मी विचारतो, स्वेटर आणलंय का? तो हसतो, पण मागणी सोडत नाही. वाढदिवसाच्या बॅनरवरच्या पुढाऱ्यालासुद्धा हल्ली निळसर धुक्यातून चालत यायचं असतं, गळ्यात उपरणं आणि मागं बर्फाचा डोंगर. मी करून देतो. चिडत चिडत करतो, पण हात बसलाय.

हे काम असं चालतं, की आधी फोटो खरा करायचा आणि मग खोटा. मंडपात काढलेल्या फोटोवर पिवळी झाक चढलेली असते. ती उतरवायची तर फोटोत अशी एक जागा सापडावी लागते जिला स्वतःचा रंगच नाही, जी पिवळी नाही आणि निळीही नाही. तिच्यावर ड्रॉपर, म्हणजे रंग उचलणारी पडद्यावरची नळी, टेकवला की संगणक बाकीचे रंग आपापल्या जागी आणून बसवतो. मोठ्या शहरातले फोटोग्राफर त्यासाठी करड्या रंगाचं कार्ड घेऊन फिरतात. आम्ही लिंगायत. आमच्या कार्यात ते कार्ड ज्याच्या त्याच्या कपाळावर असतंच. भस्माच्या पट्ट्यावर ड्रॉपर ठेवायचा, की झालं काम. ही माझी स्वतःची युक्ती, आणि मला तिचा भारी अभिमान होता. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तेव्हा त्यांनी किराणा दुकानाच्या गल्ल्यावरूनच मला झापलं होतं, "महादेवाची राख काय तुझ्या मशिनीसाठी लावतो व्हय रे आमी?"

एकदा फोटो खरा झाला की मग पिवळ्याची पट्टी खाली ओढायची, केशरी खाली ओढायचा, सावल्यांत थोडा निळा सोडायचा. कातडी स्वच्छ होते, घाम दिसेनासा होतो, माणूस नुकताच अंघोळ करून आल्यासारखा वाटतो. लोक एकमेकांना सांगायचे, ह्याच्याकडं म्हैस नेली तरी गाय होऊन निघती. मी ते ऐकून खूश व्हायचो.

ह्या कामातली माझी पहिली परीक्षक म्हणजे माझी धाकटी बहीण. लग्नाआधी ती दुपारभर स्टुडिओत बसायची आणि लांबूनच सांगायची, "दादा, केशरी जास्त ओढलास," किंवा "हिच्या गालावर हात फिरवलास न्हवं?" तिच्यापासून काही लपत नसे. मग तिला नांदूरघाटला दिली. घर चांगलं, माणसं चांगली, दाजींचं खतांचं दुकान. सासूबाई तोंडानं फटकळ, पण सुनेच्या ताटात तूप जास्त वाढणाऱ्या. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा त्या बाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते.

डोहाळजेवण त्यांच्याच अंगणात झालं. फोटो काढायला मीच गेलतो, दुसऱ्या कुणाला जाऊ देतो की काय! हिरवी साडी, फुलांचा मुकुट, झोपाळा, आणि वर तो मंडपाचा पिवळाधमक कपडा. ती दमलेली दिसत होती. ताटातलं तिनं नुसतं चिवडलं. बाया म्हणाल्या, उन्हाळा बाधतोय, पोटुशी बाई अशीच दिसती. मलाही तसंच वाटलं. त्या कपड्याखाली आम्ही सगळेच पिवळे दिसत होतो, अगदी पाहुण्यांची पांढरी टोपीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत फोटो उघडले. बहिणीचा जवळून घेतलेला फोटो मोठा केला, तिच्या कपाळावरच्या भस्मावर ड्रॉपर टेकवला. मंडपाचा पिवळा एका क्षणात उतरला. मोगरा पांढरा झाला, दात पांढरे झाले, मागं उभ्या असलेल्या सासूबाईंचे डोळे पांढरे झाले. बहिणीचे डोळे तेवढे पिवळेच राहिले.

मला वाटलं, ड्रॉपर चुकला. पुन्हा टेकवला. दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. शेजारी बसलेल्या चुलतसासूच्या भस्मावर टेकवला. काही केलं तरी सगळं जग आपापल्या रंगावर यायचं आणि तिचे डोळे हळदीसारखेच उरायचे. नखंही तशीच. पोटुशी बाईची कावीळ साधी नसते एवढं मला ठाऊक होतं, कारण आमच्याच गल्लीतली एक सून त्यात गेली होती, पोटातल्या लेकरासकट.

मी लगेच तिला फोन लावला. कसं विचारावं ते कळेना, म्हणून म्हटलं, "फोटो करतोय तुझे."

ती हळूच म्हणाली, "दादा, डोळे तेवढे पांढरे कर की."

म्हणजे तिला माहीत होतं. आरशात तिनं पाहिलं होतं. लघवी गडद होत होती, अन्नाचा वास सहन होत नव्हता, अंगाला खाज सुटत होती, आणि ती हे सगळं पदराखाली घेऊन झोपाळ्यावर बसली होती. मी ओरडलोच, "कावून सांगितलं न्हाईस कुणाला?"

"आत्याबाई किती खूश होत्या रे. त्यांनी सगळ्या पाहुण्यांना बोलवलं होतं. मला वाटलं, कार्य होऊ दे, आपोआप उतरंल." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आता तर आठवा लागला. आठव्यात कुठं नेत्यात? नववा लागला की तिकडं येणारच हाय मी. तोवर तू काही बोलू नको. आणि फोटो लवकर पाठव, आत्याबाई सारख्या विचारायल्यात."

मी तिचं ऐकलं नाही. फोन ठेवला आणि तोच फोटो, निळा न करता, भस्मावर खरा केलेला, दाजींना पाठवला. खाली लिहिलं, डोळे बघा, आजच दवाखान्यात न्या.

थोड्या वेळानं दाजींचा फोन आला. आवाजात हसू होतं. "दादा, कावीळ तुमालाच झाली वाटतं, सगळं पिवळं दिसायलंय."

मी समजावून सांगायला लागलो. भस्म, ड्रॉपर, पांढरा, पिवळा. जितकं समजावत गेलो तितका मी खोटा वाटत गेलो, मला स्वतःलाच. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, त्यो तर आभाळ बदलतोय फोटोत. माझ्या भाचीच्या लग्नात त्यानं माझे पांढरे केस काळे केलते. त्येच्या फोटोवर दवाखान्यात जायचं म्हणल्यावर झालंच!" आणि दाजी म्हणाले, "डोळ्यानं तर बरी दिसती हो ती. जरा थकली हाय. मंडप लई पिवळा होता."

त्यांनी पाहिलेला माझा प्रत्येक फोटो बदललेला होता. मीच पाहुण्यांत बसून मोठ्या तोंडानं सांगत आलो होतो, की फोटोत दिसतं ते खरं समजू नका, ते माझ्या हातात असतं. आता एकदाच खरं दाखवायची वेळ आली, तर ते दाखवायलाही माझ्याकडं फोटोच होता. मला त्या दोघांचा राग आला, बहिणीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या निळ्याचा आला. स्टुडिओत एक गिऱ्हाईक बसलं होतं, आपल्या म्हशींच्या गोठ्याचा फोटो गार करून मागत होतं. त्याला मी हाकलून दिलं. तो बिचारा अजूनही समोरून जाताना तोंड फिरवतो.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती माऊली हातातलं काम टाकून उठली, अप्पांनी दुकान बंद केलं आणि ओळखीच्या माणसाची जीप मागून आम्ही नांदूरघाटची वाट धरली. वाटेत आई गळ्यातलं लिंग मुठीत धरून ओठ हलवत होती.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडून काढलेलं होतं, मंडप सुटला होता. बहीण ओट्यावर उघड्या उजेडात बसली होती. मंडपाचा कपडा नसताना आता कुणालाही दिसावं इतकी ती पिवळी होती. सासूबाईंनाही दिसलं होतं. माझ्या फोनवर हसून झाल्यावर त्यांनी तिला धरून ओट्यावर आणलं, पापणी खाली ओढून पाहिली, आणि त्यांचं हसू तिथंच गेलं. आम्ही यायच्या आतच त्यांनी शेजारच्या वाडीवरून माळवाल्याला बोलावून घेतलं होतं. काविळीची माळ आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. एका झुडपाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंतवून माळ करतात आणि डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. काड्या वाळतात तशी माळ लांबत जाते, कानावर येते, गळ्यात उतरते, आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. बहिणीच्या डोक्यावर ती लहानशी माळ होती.

"माळ गळ्यात आली की जाईल कावीळ," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या.

"मावशी, आत्ता अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचं," मी म्हणालो.

"आठव्यात?" हे सासूबाई नाही बोलल्या, हे माझी आई बोलली. वाटभर लिंग मुठीत धरून बसलेली माझी स्वतःची आई. "आठव्यात पोरीला वेस ओलांडू देत न्हाईत. जीप आदळती, रस्ता तसला. वाटेत काही झालं तर मी दोन्ही घरी काय तोंड दाखवू?"

मग जे व्हायचं ते झालं. मी आरडाओरडा केला. अप्पा मला गप्प करत होते आणि दाजी त्यांना. माळवाला म्हातारा आपली पिशवी उचलून हळूच सटकला. मी आईलाही बोललो, नको ते बोललो. भांडण दोन घरांचं होतं, आणि जिच्यावरून चाललं होतं ती ओट्यावर खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "दादा, मला ने."

एवढंच. ती खांबाला धरून उठली. मी तिला धरून जीपकडं निघालो तसा माझा हात तिच्या डोक्यावरच्या माळेकडं गेला, रागानंच. तिनं तो बाजूला सारला. "असू दे. आत्याबाईंनी हातानं ठेवलीय. त्यांचंबी ऐकते, तुझंबी ऐकते." तशीच ती माळ घालून जीपमध्ये बसली. सासूबाई घरात गेल्या, पिशवीत साडी आणि तांब्या घालून बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी चढून बसल्या. खड्डा आला की त्या तिचं पोट दोन्ही हातांनी धरायच्या. वाटेतलं केज गाव मागं पडेपर्यंत मी आरशात तेवढंच बघत होतो.

दवाखान्यात रक्त घेतलं, सलाइन लावलं, आणि डॉक्टरांनी दाजींना बाजूला नेलं. यकृताला सूज होती. अगदी ऐन वेळेला आणलंत, म्हणाले. पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतं ते एवढं, की बहीण बरळायला लागली होती, माणसं ओळखत नव्हती. आणि त्यातच तिला कळा आल्या, वेळेच्या आधी. मुलगी झाली, पसाभर, ओंजळीत मावेल इतकी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी वरच्या मजल्यावर नेलं. बहिणीनं तिला पाहिलंसुद्धा नाही.

मग हळूहळू बहीण शुद्धीवर आली. आईला ओळखलं, दाजींना ओळखलं. बोलता येईना इतकी अशक्त, कूस बदलायची ताकद नव्हती. डॉक्टर म्हणाले, धोका टळतोय, पण एवढ्यात हलवायचं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "काय झालं?" मुलगी, आम्ही सांगितलं. दुसरा प्रश्न होता, "हाय का?" आहे, आम्ही सगळेच एकदम बोललो. सगळे एकदम बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला काय वाटतं, ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. तिनं डोळे मिटले आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं.

त्या दिवशीपासून ती काही खाईना. सगळे मिळून आपल्याला फसवतायत, लेकरू गेलंय, आपण बरं व्हावं म्हणून कुणी सांगत नाही, असं तिनं धरूनच ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला धीर द्या, हिनं खाल्लं पाहिजे. मी म्हटलं, फोटो काढून आणतो. मीच म्हणालो. दुसरं काय येतं मला?

वर गेलो. बाळालाही कावीळ चढली होती. वेळेआधी झालेल्या लेकरांना चढतेच, काळजी करू नका, असं नर्स म्हणाली. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. त्या उजेडानंच बाळाची कावीळ उतरते म्हणे. डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून पट्टी बांधलेली. जन्मभर मी फोटोत जो निळा ओतत आलो, तो त्या पेटीत खरोखर भरलेला होता, आणि त्याच्या मध्यभागी ती एवढीशी पोर हातपाय पसरून झोपली होती. मला रडू आलं. नर्सला विचारून काचेबाहेरूनच एक फोटो काढला.

जिन्यात उभा राहून तो पाहिला. निळंशार अंग, डोळ्यांवर पट्टी, हालचाल नाही. हा फोटो असाच दाखवायचा कसा? म्हणून तिथंच, फोनवरच, मी रंग सरळ करायला बसलो. निळा खाली ओढला, पिवळा वर, केशरी वर. पण तसल्या उजेडात दुसरा रंगच नसतो, आणि जो फोटोत नाहीच तो वर कुठून येणार? निळा निघाला आणि खाली राख उरली. बाळाचं अंग राखेच्या रंगाचं झालं. मी घाबरून फोन बंद केला. मग ठरवलं, जसा आहे तसाच दाखवू, दिव्याचं समजावून सांगू.

बहिणीच्या उशाशी बसलो. आधी सगळं सांगितलं, दिवा, पट्टी, कावीळ, आणि मगच फोन तिच्या हातात दिला. ती खूप वेळ बघत राहिली. मग तिचं बोट काचेवरून सरकलं, आणि तो दुसरा, राखेचा फोटो समोर आला. तिनं तो पाहिला. परत मागं गेली, निळा पाहिला. परत राखेचा.

"ह्यातला खरा कंचा?" तिनं विचारलं.

"पहिला. निळा. दिव्याचा रंग हाय तो, आईशपथ."

"मग हा कावून केलास?"

"तू घाबरशील म्हणून," एवढं म्हणालो, आणि म्हणताच कळलं की ह्याच्यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं.

"मला ठाऊक हाय रे तुझं काम," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुझ्या दाजींनी सांगितलं आसंल तुला, काहीतरी दाखव म्हणून. गेलं ना लेकरू?"

मी शपथा घेतल्या. व्हिडिओ आणतो म्हणालो. तिनं मान भिंतीकडं वळवली. जिच्यासाठी मी दोन्ही घरांशी भांडलो, आईला वाट्टेल ते बोललो, ती माझी बहीण माझ्यावर विश्वास ठेवत नव्हती. तिचं तरी काय चुकलं? माझ्या ह्या कामात तिच्याएवढं मुरलेलं दुसरं कुणी नव्हतं.

सासूबाई पायथ्याशी बसून हे सगळं ऐकत होत्या. उठल्या, पदर खोचला आणि बाहेर गेल्या. वर जाऊन नर्सशी काय बोलल्या देव जाणे, पण त्यांना हात धुवायला लावून, अंगावर गाऊन चढवून आत सोडलं. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या. धापा टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, दाजींकडं पाहिलं नाही. सरळ सुनेच्या उशाशी बसल्या आणि आपला उजवा हात तिच्या गालाला लावला.

"आत्ताच तिच्या छातीवर ठिवला व्हता ह्यो हात," त्या म्हणाल्या. "ऊन हाय गं. तव्यावरच्या भाकरीवानी ऊन हाय."

बहिणीनं भिंतीकडची मान वळवली. तो हात दोन्ही हातांनी धरून गालावर दाबून ठेवला.

"रडती का?"

"रडती तर! माझं बोट धरलं आन् लई रडली. सोडंना."

तेव्हा बहीण रडली, मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. मग म्हणाली, भूक लागलीय. आईनं डबा उघडला, सासूबाई भात कालवून तिला भरवायला लागल्या, आणि दोघी मिळून बाळाबद्दल विचारत आणि सांगत राहिल्या, नाक कसं आहे, केस आहेत का, रंग कुणावर गेलाय. मी खाटेच्या पायथ्याशी हातात फोन घेऊन उभा होतो. मला कुणीच काही विचारलं नाही.